मायचा जीव मकरंदात अडकला

माझ्या मायच्या पिंडाला दोन तास कावळा शिवला नाही, तो माझ्यामुळं.

हे मी सगळ्या भावकीसमोर एकदा कबूल केलेलं आहे, त्यामुळं आता लिहायला हरकत नाही.

आधी माझ्याविषयी सांगते. मी सुनीता, घरी सुनी. आमच्या घराण्यात बी.ए. झालेली मी पहिली. पहिली बाई नव्हे, पहिलं माणूस! चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात, आमच्या भावकीत, माझ्याआधी सगळ्यात जास्त शिकले ते सखारामकाका. नववी. (काका म्हणतात पास, मास्तर म्हणायचे नापास.) मी लातूरला खोली करून राहिले, बी.ए. केलं, आता नांदेडात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. हे मी मान वर करून सांगते. पण त्याच मानेनं दुसरी एक गोष्ट सांगायची म्हणजे मान जरा खाली जाते. मला प्रेमाच्या कादंबऱ्या लई आवडतात. वजनदार, बक्षीस मिळालेल्या नव्हेत. साध्या. ज्यांच्या कव्हरवर मोकळ्या केसांची पोरगी खिडकीत उभी असते आणि मागं एक पोरगा धुरकट दिसतो, त्या. आत गैरसमज होतो, कुणाला तरी ताप येतो, कुणीतरी स्टेशनवर पळत जातं आणि शेवटी लग्न होतं. मी अशा किती वाचल्या ते विचारू नका. मलाही ठाऊक नाही, आणि वाचनालयातल्या बाईंनी मोजायचं सोडून दिलं.

कॉलेजात असताना या कादंबऱ्यांना मी अर्थशास्त्राचं कव्हर घालायची. एकदा अप्पा, म्हणजे माझे वडील, गावाहून दशम्या घेऊन खोलीवर आले. मी वाचत होते. लेकीचा अभ्यास मोडू नये म्हणून ते बिचारे दारात टोपी हातात धरून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं! मी मान वर केली तर समोर अप्पा.

"कवा आलाव अप्पा?"

"झाला येळ. वाच, वाच. अवघड दिसतंय. रडू आल्यालं हाय तुला."

(अवघडच होतं. नायिकेचं पत्र चुकून तिच्या बहिणीला मिळालं होतं.)

अप्पा फसले. गाव फसलं. भाऊ नामदेव तर चारचौघांत सांगायचा, "आमची ताई असली जाड पुस्तकं वाचती की बघूनच डोकं दुखतंय." फसली नाही ती एकटी माय. तिला अक्षरओळख नव्हती. अंगठ्याची बाई. सुट्टीत मी घरी पुस्तक घेऊन बसले होते, ती शेंगा फोडत बसली होती. मध्येच म्हणाली,

"सुने, हे अभ्यासाचं न्हाई."

"कशावरून?"

"तू हसायलीस. अभ्यास करताना कुणी हसत न्हाई. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. दुपारची संध्याकाळ झाली, शेंगा तशाच राहिल्या, चूल थंड, आणि अप्पा शेतातून आले तर मायलेकी डोळे पुसत बसलेल्या!

"कोण गेलं?" अप्पा दारातच दचकले.

"कुणी न्हाई. पाय धुवा," माय म्हणाली.

तेव्हापासून माझी प्रत्येक कादंबरी दोनदा वाचून व्हायची. एकदा माझी, एकदा मायची. लग्न होऊन मी नांदेडला आले तेव्हा मायचं वाचन फोनवर सुरू झालं. संध्याकाळी मी इकडं पुस्तक धरून, माय तिकडं फोन पदराखाली धरून. घरच्यांना वाटायचं लेकीचं सुखदुःख चाललंय. माय हुंदका द्यायची, नामदेव कावराबावरा व्हायचा. शेवटी त्यानं माझ्या नवऱ्याला फोन केला, "दाजी, आमच्या ताईला काही तरास असंल तर सरळ सांगा." आमचे हे स्वतःचा चहा स्वतः करून पिणारे, वर मलाही अर्धा देणारे. ते आठ दिवस नुसते माझ्या तोंडाकडं बघत होते.

ऐकताना माय गप्प बसायची नाही. नायक आला की ती सोयरीक जुळवायला बसल्यासारखी बसायची.

"ह्याला आई-बाप न्हाईत का?"

"आहेत. परदेशात."

"मग जेवाया कोण घालतंय?"

"हॉटेलात जेवतो."

"तरीच असलं वंगाळ बोलतंय. पोटात काही न्हाई तर तोंडात काय असणार?"

मग मायच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून दोनदा तिला लातूरला एका दवाखान्यात मशीनवर झोपवायचे. चार तास. एका हातात नळ्या, दुसरा हात मोकळा. नामदेव गावाहून आणायचा, मी नांदेडहून एसटीनं यायची. सोमवारी न चुकता, आणि रजा मिळाली तर गुरुवारीही. चार तासांचं काय करायचं? मी पुस्तक काढलं.

त्या कादंबरीत रेवती नावाची पोरगी होती आणि तिच्यावर जीव टाकणारे दोघं. एक शंतनू. मोठ्या इमारतींचे नकाशे काढायचा, गाडी होती, कॉफी प्यायचा. दुसरा मकरंद, जनावरांचा डॉक्टर. चाळिसाव्या पानावर मकरंद पहिल्यांदा आला तो चिखलातून, रात्रीचा, अडलेली गाय सोडवायला.

"थांब," माय म्हणाली. "निरोप धाडल्याबरोबर आला?"

"हाव."

"कोपरापस्तोर हात घातला?"

"घातला. वासरू पण जगलं."

 आमची देवणी गाय अडली होती तेव्हा डॉक्टर दुसऱ्या दिवशी आला होता. तोवर गाय गेली होती, वासरू गेलं होतं आणि माय दोन दिवस गोठ्यातून उठली नव्हती.

"ह्याच्यासंगच लगीन लाव हिचं," ती म्हणाली.

"माय, मी लावत नाही. पुस्तकात जे असेल ते असेल."

"तू शिकल्याली हायस की. सांग त्येंना."

शेजारच्या खाटेवर औशाच्या एक आजी असायच्या. त्यांचा पक्ष शंतनूचा. "गाडी हाय, बंगला हाय, पोरगी सुखात ऱ्हाईल. गुरांच्या डाक्टराच्या अंगाला वास येतोय!" माय नळ्यांसकट उठायला बघायची. "वास येतोय तर आंघोळ करंल की! तुमच्या शंतनूच्या मनाला वास येतोय, त्येला कुठली साबण लावताव?" शेवटी सिस्टर येऊन म्हणाल्या, "मावशी, बीपी वाढायलंय, जरा साधी गोष्ट वाचा." साधी! यापेक्षा साधी गोष्ट मराठीत लिहिलेली नाही.

आणि इथं मी घाण केली. एका सोमवारी परतीच्या एसटीत मला राहवलं नाही. मायला सोडून मी पुढं वाचलं. अहमदपूर येईपर्यंत पुस्तक संपलं. रेवतीनं शंतनूशी लग्न केलं. मकरंद लग्नाला आला, भेट देऊन, न जेवता गेला. न जेवता! मी खिडकीकडं तोंड करून बसले. मला मकरंदाचं वाईट वाटत नव्हतं. हे मायला कसं वाचून दाखवायचं याची धास्ती होती.

म्हणून मी टाळायला लागले. गुरुवारी चष्मा विसरले. सोमवारी घसा बसला. पुढच्या गुरुवारी म्हणलं, उजेड कमी आहे. (वर चार ट्यूबलाइट होत्या.)  मोकळ्या हातानं मायनं माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं, खुणेची काडी होती तिथं उघडलं आणि राहिलेली पानं अंगठा आणि बोटात धरून बघितली. तिला वाचता येत नव्हतं, पण किती राहिलं ते जाडीवरून बराबर कळायचं.

"बोटभर सुदीक न्हाई राहिलं. वाचून टाक की."

"सोमवारी येते ना माय, तेव्हा सगळंच वाचते."

"मकरंदाचं तेवढं चांगलं व्हाया पाहिजे बाई. जीव लागून राहिलाय."

रविवारी सकाळी चहा पिऊन माय गेली. मी नांदेडात पोरीच्या गणवेशाला इस्त्री करत होते.

दहाव्याला गावाखालच्या नदीवर सगळी भावकी जमली. पिंड मांडले. पत्रावळीवर धपाटं, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, आणि मायला चहा लागायचा म्हणून कपभर चहा. आम्ही लांब होऊन उभे राहिलो. चिंचेवर सात कावळे बसले होते. सातही जण जेवून आल्यासारखे.

पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. एक कावळा खाली आला, धपाट्यापाशी दोन पावलं चालला, थांबला आणि उडून वर गेला.

"इच्छा राहिली असेल काही," गुरुजी म्हणाले. "जवळच्यांनी शब्द द्यावा."

नामदेव पुढं झाला. हात जोडले. "माय, अप्पाला सांभाळतो. फिकीर करू नको."

कावळे जागचे हलले नाहीत.

"ते तर सांभाळालाच पाहिजे," मागून नामदेवची बायको कांता हळूच म्हणाली. "दुसरं बोला की."

"तंबाखू सोडतो, माय."

काही नाही.

"दारूचं बी बोला," कांता.

नामदेवनं मागं वळून असं बघितलं, की दुसरी बाई असती तर माहेरी गेली असती. कांता पदर सावरून तशीच उभी. पन्नास माणसं बघत होती.

"दारू… कमी करतो."

चिंचेवरच्या मोठ्या कावळ्यानं आमच्याकडं पाठ केली.

"सोडतो! सोडतो माय! आजपासून!" नामदेवनं खिशातली तंबाखूची पुडी काढून नदीत फेकली. (वारा उलटा होता. निम्मी गुरुजींच्या अंगावर आली.)

मग सखारामकाका पुढं आले. काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. दोघांच्या शेतामधल्या बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद. काकांनी घसा साफ केला. "वहिनी, बांध मी कोरलाय. कबूल हाय. दोन हात मागं सरकतो."

कावळा ओरडला. खाली काही आला नाही.

"तीन हात!"

कावळा गप्प.

"चार! चार हात सरकतो वहिनी, आता खाली या!"

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, आपण दोनच हात कोरलं होतं!" पण शब्द तोंडातून गेला तो गेला.

त्यानंतर आत्या रडत पुढं आल्या. "वहिनी, तुमचा पितळी हंडा माझ्याकडं हाय. मी न्हाई म्हणले होते."

"तुझ्याकडं हाय?" इतका वेळ खाली बघणारे अप्पा दचकले. "तीन वरसांत आम्ही आड उपसला त्यासाठी! दोनदा!"

हंडा सापडला, बांध सरकला, दारू सुटली. मायनं तीस वर्षं सांगून जे झालं नव्हतं ते एका तासात झालं. पण कावळा काही खाली येईना. ऊन चढलं. चहावर साय धरली. माणसं झाडाची सावली बघून बसू लागली. आणि मी? मी मागं बायकांत उभी होते. मला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं मायचं काय राहिलंय ते! पण बोलायचं कसं? त्या पन्नास माणसांत बी.ए. झालेली मी एकटी. गावचे पाटील मला "सुनीताबाई" म्हणायचे. पोरींना माझं उदाहरण द्यायचे. मी पुढं होऊन काय सांगणार होते? की माझ्या मायचा जीव जमिनीत नाही, लेकरांत नाही, एका गुरांच्या डॉक्टरात अडकलाय, आणि तो डॉक्टर या जगात नाहीच? मी चपलेचा अंगठा मातीत रुतवून गप्प राहिले. तिकडं माय तिष्ठत होती, आणि इकडं मी माझी अब्रू सांभाळत होते.

"तुम्ही बोला," गुरुजी अप्पांना म्हणाले.

अप्पा उठले. पिंडापाशी गेले. टोपी काढली. 

"काय बोलू?" ते आमच्याकडं वळले. "हिला काय पाहिजे होतं, मला ठाऊक न्हाई. चाळीस वर्षं झाली. मी कधी इचारलंच न्हाई."

 

मग अप्पांनी बायकांत मला शोधलं. "सुने, तुझ्याशी बोलायची ती. रोज बोलायची. तुला ठाऊक असंल."

आता गप्प राहणं म्हणजे पाप होतं. मी पुढं गेले. मान खाली घालून हळूच म्हणलं, "माय, रेवतीचं शंतनूशी लग्न झालं."

"मोठ्यानं बोला," गुरुजी म्हणाले. "झाडापर्यंत गेलं पाहिजे."

मी डोळे मिटले आणि सगळा जोर लावला. "माय! रेवतीनं शंतनूशी लग्न केलं!"

 एकदम सगळेच बोलायला लागले.

"कोण रेवती?"

"कुणाची पोरगी?"

"पळून गेली का?"

"शंतनू कुठला? चाकूरचा का औशाचा?"

"आपल्यातला हाय का न्हाई?"

आत्यांनी माझा दंड धरला. "सुने, तुझ्या पोरीचं नाव तर रेवती न्हाई ना?"

"आत्या, माझी पोरगी पाचवीत आहे! आणि तिचं नाव तुम्हीच ठेवलंय!"

"मग रेवती कोण?"

"पुस्तकातली!" मी ओरडले. "पुस्तकातली आहे! मी मायला वाचून दाखवत होते. शेवट राहिला. मी टाळला. मायचा तेवढाच राहिलाय!"

सखारामकाका माझ्याकडं बघत राहिले. मग चिंचेकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं.

"म्हंजी," ते म्हणाले, "मी चार हात बांध सोडला तो पुस्तकापायी?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. दहाव्याला! मग दाबून हसू सगळीकडं पसरलं. पाटलांनी रुमाल तोंडाला लावला. मला वाटलं, भुई फाटावी. इतक्या वर्षांचं अर्थशास्त्राचं कव्हर एका वाक्यात फाटलं होतं. आणि एवढं करून वर सातही कावळे जागचे हलले नाहीत!

"तरी शिवंना की," कांता म्हणाली.

"शिवंल कसा?" मी म्हणलं. आता लपवायला राहिलंच काय होतं? "मायला शंतनू नको होता. तिला मकरंद पाहिजे होता. जनावराचा डॉक्टर. चांगला होता तो. बोलावलं की यायचा."

बायकांत कुजबुज झाली. शंतनू काय करतो, मकरंदाची माय आहे का, रेवती शिकलेली किती, सगळी चौकशी तिथंच झाली. मी उत्तरं दिली. एकमुखानं निकाल लागला.

"बोलावल्याबरोबर येणारा डाक्टर सोडला?" आत्यांनी कपाळाला हात लावला. "हिला अक्कल हाय का? कावळा काय, मी बी शिवले नसते!"

अप्पा हे सगळं ऐकत होते. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं.

"तिला कोण पाहिजे होता म्हणलीस?"

"मकरंद."

"मग तसं सांग तिला."

"पण अप्पा, पुस्तकात तसं नाही."

"पुस्तक लिव्हणारी हितं हाय का?"

"नाही."

"मग तू सांग. तुझ्या तोंडचं ती ऐकायची."

मायला मी आजवर एक अक्षर बदलून वाचलं नव्हतं. नायिका मेली तर मेली म्हणून सांगितलं होतं. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्याला फसवू नये, एवढं तत्त्व मी पाळलं होतं. ते तत्त्व मी नदीकाठी ठेवलं आणि पिंडासमोर उभी राहिले.

"माय! मी चुकीचं वाचलं! रेवती बोहल्यावरून उठली! शंतनूला म्हणाली, तू जा तुझ्या गाडीनं. आणि तशीच चालत मकरंदाच्या दारी गेली!"

मोठा कावळा एक फांदी खाली आला.

"पुढं, पुढं," आत्या मागून म्हणाल्या.

"लग्न गावात झालं, माय! गोठ्यासमोर मांडव घातला!"

"जेवायला काय होतं?" कांतानं विचारलं.

"बुंदी! वांग्याची भाजी! मकरंद पंगतीत सगळ्यांना वाढत होता, मग स्वतः जेवला. पोटभर जेवला, माय!"

कावळा जमिनीवर उतरला.  तो उड्या मारत पिंडापाशी आला, थांबला, आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागला. अगदी माय बघायची तसं. अभ्यास करताना कुणी हसत न्हाई, असं म्हणणारी ती नजर!

 तेवढ्यात बाजूनं सखारामकाका ओरडले, "आन गाय बरी हाय, वहिनी! वासरू बी हाय! खोंड झालाय!"

कावळ्यानं धपाट्याचा तुकडा उचलला.

बायका रडायला लागल्या. मी तर रडतच होते. अप्पांनी डोक्यावर टोपी घातली आणि कुणाकडं न बघता गावाच्या रस्त्याला लागले.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. नामदेवची दारू पंधरा दिवस बंद राहिली. (कांता म्हणते बारा.) बांध दोन हातच सरकला. काकूंनी दोरी धरून मोजला. हंडा आला, खालून ठोका पडलेला. मला गावात आता कुणी "सुनीताबाई" म्हणत नाही. बसस्टँडवर उतरले की कोणीतरी विचारतंच, "काय म्हणतोय मकरंद?"

ते मी हसण्यावारी नेते. पण खरं सांगायचं तर त्यानंतर आठ महिने मला एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचता आली नाही. आणायची, वाचायची, आणि बोटभर पानं राहिली की हात थांबायचा. पुढं काय झालं ते कळून मी सांगणार कुणाला? वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, "सुनीताताई, तुमची खूण नेहमी शेवटाच्या अलीकडंच असते. पुस्तकं आवडेनात का आताशा?" मी म्हणलं, डोळे दुखतात.

परवा एक आणली होती. रविवार होता, संध्याकाळची वेळ. वाचता वाचता मला भान राहिलं नाही, खुणेची काडी गळून पडली आणि पुस्तक संपूनच गेलं. चांगला शेवट होता. छान लग्न झालं. मी तशीच हसत उठले, फोन घेतला आणि मायचा नंबर लावला.

तिकडं घंटी वाजली तेव्हा माझं मला कळलं. ठेवणार, एवढ्यात फोन उचलला. तो फोन आता अप्पांकडं असतो.

"कोण? सुनी?"

"हाव, अप्पा."

"काय झालं गं?"

 "लग्न झालं," मी म्हणलं.

"कुणाचं?"

"पुस्तकातल्या पोरीचं."

 तिकडून बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू येत होती. मला वाटलं, अप्पांनी फोन खाली ठेवला. मग खोकल्याचा आवाज आला. आणि ज्या माणसानं चाळीस वर्षांत बायकोला कधी काही विचारलं नव्हतं, त्यानं विचारलं,

"पोरगा काय करतो?"

 तीनशे बारा पानं वाचली होती मी! त्याचे डोळे कसे होते, शर्ट कुठला होता, तो तिला पहिल्यांदा कुठल्या वळणावर भेटला, सगळं पाठ होतं. पण पोटापाण्याला काय करतो, ते काही केल्या आठवेना.

"थांबा अप्पा," मी म्हणलं, "बघून सांगते." आणि घराण्यातल्या पहिल्या बी.ए.नं चष्मा लावून पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला घेतलं.